तुझ्याकडे लोक काय मागायला येतात?

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत आज जी माणसं महिन्याच्या महिन्याला पगार घेतायत, त्यांतली निम्मी आमच्या नर्सबाईंनी जगात आणली आणि उरलेली निम्मी कामाला लावली, असं मी म्हटलं तर मला कुणी खोटी पाडू शकणार नाही. काहींच्या बाबतीत बाईंनी दोन्ही केलंय, आणि अशांवर त्यांचा हक्क जरा जास्तच चालतो. बाई तीस वर्षं उपकेंद्रांवर नर्स होत्या. आधी तलासरीकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर, मग डहाणूच्या बाजूला. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना शाल-नारळ दिला आणि आता आराम करा म्हणून सांगितलं. शाल त्यांनी ठेवली, नारळ तिथल्या तिथे फोडून वाटला आणि आराम करायचं तेवढं राहून गेलं.

बाई माणसाला नावाने ओळखत नाहीत, जन्माने ओळखतात. एकदा मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले होते. कॅशच्या खिडकीत दारात मावणार नाही असा धिप्पाड माणूस बसलेला. बाई रांगेतून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "हा बघ, सातव्या महिन्यात आला होता. माझ्या तळहातावर मावत होता. कापसात गुंडाळून ठेवला होता मी याला." तो बिचारा मान खाली घालून शिक्के मारत राहिला, आणि बाईंचं पासबुक मात्र सगळ्यांच्या आधी भरून मिळालं. एसटीच्या कंडक्टरला त्या म्हणायच्या, "जन्मलास तेव्हा रडत नव्हतास. दोन चापट्या दिल्या तेव्हा तोंड उघडलंस, ते अजून बंद नाही." मीही सुटले नाही. सरावलीच्या पुढच्या आमच्या पाड्यात बी.ए. झालेली मी पहिली. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन बाईंकडे गेले, मनात म्हटलं आता तरी कौतुक ऐकायला मिळेल. बाईंनी पेढा तोंडात टाकला, माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "छान केलंस. निळी आली होतीस तू. मला वाटलं होतं, दुपार काही बघत नाही ही." माझ्या पदवीचं यापेक्षा मोठं कौतुक पुढे कुणी केलं नाही, पण हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

बाईंची दुसरी खोड म्हणजे तांदूळ. कुणाच्याही घरी जायचं तर त्यांच्या पिशवीत किलोभर तांदूळ आणि एक लहानसं सूप असायचंच. अंगणात जागा बघायच्या, घडीचं स्टूल उघडायच्या आणि तांदूळ निवडत बसायच्या. एखाद तास नाही, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. मला आधी वाटायचं, एकटी बाई, हिला एवढा भात लागतो तरी कशाला. एकदा त्यांच्या घरी लवकर गेले तर बाई निवडलेल्या तांदळात डबीतले खडे मोजून परत घालत होत्या. "वर्षभर हाच तांदूळ आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "वही-पेन घेऊन बसलं की माणूस साहेबासमोर बसल्यासारखा बसतो. तांदूळ निवडणाऱ्या बाईसमोर कुणी अवघडत नाही. आपापलं काम करत राहतो. मला तेच बघायचं असतं."

तिसरी खोड नाडीची. कुणाशीही बोलताना बाई त्याचं मनगट हातात घेऊन बसायच्या. समोरच्याला वाटायचं माया आहे. मायाही होतीच, पण बाई नाडी मोजत असायच्या. कारखाना, दुकान, चिकूची वाडी, हॉटेल अशी एकेक नावं बोलण्यात सहज टाकायच्या आणि कुठल्या नावाला नाडी धावते ते बघायच्या. "धावली तिकडे पाठवायचं नाही," हा त्यांचा शोध. त्याला शास्त्राचा आधार किती ते मला माहीत नाही.

आणि या सगळ्याच्या शेवटी बाईंचा एकच प्रश्न असायचा. शिक्षण किती, अनुभव काय, कुठली नोकरी पाहिजे, यातलं काही नाही. "तुझ्याकडे लोक काय मागायला येतात?" समुद्राकाठच्या आगर गावात एक माणूस होता, एक पाय अधू, त्यामुळे बोटीवर कुणी घेत नव्हतं. हा प्रश्न ऐकून तो हसला आणि म्हणाला, माझ्याकडे काय मागणार, गुंता झालेली जाळी आणून टाकतात पुढ्यात, सोडवून दे म्हणून. बाईंनी त्याला पंप दुरुस्तीच्या दुकानात नेऊन बसवला. आज मोटारीची जळकी तार उलगडून नवी भरायचं काम त्या भागात त्याच्याएवढं कुणाला जमत नाही. तलासरीकडच्या एका बाईकडे अख्खा पाडा भांडणं घेऊन यायचा. ती आता एका डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपरची रांग सांभाळते, आणि तिथे नंबरावरून हातघाईवर येणारी माणसं एकमेकांना जागा देतात.

आता मी त्या वेळी काय करत होते तेही सांगते, लपवायचं कशाला. पालघर जिल्हा नवानवा झाला होता आणि डहाणूत एका संस्थेने रोजगार केंद्र काढलं होतं. मी तिथे समन्वयक होते. माझी पहिली नोकरी, गळ्यात ओळखपत्र, टेबलावर हजेरीपट. आमच्या केंद्राचं तत्त्व असं, की गरीब माणसाची कामाची सवय सुटलेली असते, ती आधी लावली पाहिजे. म्हणून उमेदवाराने रोज सकाळी दोन तास आवार झाडायचं, मातीच्या पाट्या टाकायच्या, मग शिवणकामाच्या नाहीतर पॅकिंगच्या वर्गाला बसायचं. तरच भत्ता. एका महिन्यात तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कट. आमचे केंद्रप्रमुख साहेब याला श्रमसंस्कार म्हणायचे. नर्सबाई एकदा आवारात उभ्या राहून ते झाडणं बघत होत्या. साहेबांना म्हणाल्या, "ती पिवळ्या साडीची बघा. चार हंडे पाणी भरून, पाच जणांच्या भाकरी थापून, डोंगर उतरून आलीय. तिला तुम्ही झाडू देऊन कामाची सवय लावताय. तुमची स्वतःची उठायची वेळ काय आहे?" साहेब हसले, आणि बाई गेल्यावर मला म्हणाले, जुनी माणसं आहेत. मीही हसले. मला तेव्हा साहेबांचंच पटत होतं. मी झगडून शिकले, मग बाकीच्यांना सकाळी नऊला यायला काय होतं, असं मला मनापासून वाटायचं.

माझी वहिनीही त्या केंद्रात यायची. मीच तिचं नाव घातलं होतं. दादा-वहिनी दरवर्षी दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. भट्टीवर जोडी लागते, एकटा माणूस घेत नाहीत. धाकटा अजून वहिनीच्या अंगावर पीत होता, त्यामुळे महिनोन्‌महिने तो तिच्याशिवाय राहणार नाही; आणि तिथे त्याला सांभाळायला सोनलला, माझ्या भाचीला, न्यावंच लागणार. सोनल पाचवीत होती, वर्गात पहिली येणारी. दुसरीत असताना असंच एक वर्ष तिचं भट्टीवर गेलं होतं. पाचवीतली मुलगी एकदा सुटली की परत येत नाही, हे आमच्या पाड्यात सगळ्यांना पाठ आहे. म्हणून दिवाळीच्या आत वहिनीला इथेच, रात्री घरी येता येईल असं काम मिळालं पाहिजे, एवढं एकच आमच्या घरात त्या वर्षी चाललं होतं. आणि दिवाळीला महिना असताना वहिनी सलग तीन दिवस केंद्रावर आली नाही. मी तिचं नाव कट केलं. आपल्या माणसालाही सोडत नाही म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. त्या संध्याकाळी मी छाती काढून घरी गेले. दादा एवढंच म्हणाला, "बरोबर केलंस. नियम तो नियम." वहिनी तशीही कधी बोलत नसे. तिने मला नेहमीसारखं ताट वाढलं.

नर्सबाईंना हे कुठून कळलं कोण जाणे. त्या रविवारी सकाळीच अंगणात स्टूल उघडून बसल्या. दुपारपर्यंत तांदूळ निवडला, मग वहिनीला शेजारी बसवून तिचं मनगट धरलं. भट्टीचं नाव काढलं, नाडी धावली. शिवणकाम म्हटलं, धावली. पॅकिंग म्हटलं, तरी धावली. "तुझ्याकडे लोक काय मागायला येतात गं?" वहिनी जमिनीकडे बघत राहिली. माझी आईच आतून म्हणाली, "तिच्याकडे कोण काय मागणार, बाई? तोंडातून शब्द निघत नाही तिच्या." आईचं बोलणं संपतंय तोवर शेजारची काकू काखेत जर्मनचा टोप घेऊन अंगणात आली. "अगं, हा आमच्यात राहिलाय लग्नातला. कुणाचा बघ बरं." वहिनीने टोप हातात घेतला, बुडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ओढ्यापलीकडच्या धाकल्या मावशीचा. कानाशी चेपलाय बघा."

बाईंचं सूप थांबलं.

आमच्याकडे लग्न निघालं की भांडी भाड्याने आणत नाहीत. पाड्यातल्या प्रत्येक घरातून टोप, पराती, तांबे, ताटं गोळा होतात. स्टीलवर कुणी नाव घालून घेतलेलं असतं, पण जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी सगळी सारखी. लग्न उरकलं की त्यांचा डोंगर पडलेला असतो, आणि तो डोंगर ज्याचा त्याला परत पोचवायचा. हे काम गेली सात-आठ वर्षं वहिनी करत होती. चमचासुद्धा चुकीच्या घरी गेला नव्हता. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. घरातली बाई भांडी ओळखते, त्यात काय सांगायचं.

"केंद्रावर तीन दिवस कुठे होती ही?" बाईंनी मला विचारलं.

"गैरहजर होती."

"कुठे होती ते विचारलं मी."

मला उत्तर माहीत होतं. पाडा भट्टीवर जायच्या आत उरकलेल्या त्याच लग्नाची भांडी पोचवत होती, पन्नास घरांची, डोक्यावरून, पायी. मी ते उत्तर तोंडाने दिलं नाही. बाईंनी पण मागितलं नाही. पुन्हा वहिनीचं मनगट धरलं, "भांडी" म्हणाल्या, आणि घड्याळाकडे बघत समाधानाने मान हलवली.

दोन दिवसांनी बाई चिंचणीच्या गाडीने वरोरच्या बाजूला एका डायच्या कारखान्यात जाऊन बसल्या. डाय म्हणजे पोलादाचा छोटा ठोकळा, त्यावर नक्षी खोल कोरलेली असते; सोन्या-चांदीचा पातळ पत्रा त्यावर ठेवून ठोकला की पान, फूल, कोयरी उठून येते. त्या पट्ट्यात घरोघरी हा धंदा आहे. शेठच्या दोन्ही मुलांचा जन्म बाईंच्या हातचा, त्यामुळे त्यांना उठवायची सोय नव्हती. बाईंनी विचारलं, "शेठ, तुमच्याकडे रोज कुठलं काम राहून जातं?" शेठ म्हणाले, "काय पण राहत नाय बेन, सगळं टायमावर आहे. आणि जागा तर एक पण नाय." "बरं," बाई म्हणाल्या. "ऊन फार आहे. थोडी बसते." आणि सूप काढलं. दुपारी शेठ जेवायला उठले तेव्हा बाईंनी त्यांच्यासमोर मूठ उघडली. मुठीत खडे.

"हे काय?"

"सकाळपासून तुमचे कारागीर हातातलं काम टाकून डाय शोधायला कपाटाकडे जितक्यांदा गेले, तितके खडे. हा मोठा आहे ना, तो तुम्ही स्वतः."

शेठ जेवायचे थांबले. कपाटं सांभाळणारे जुने काका डोळे गेले म्हणून वलसाडला मुलाकडे राहायला गेले होते आणि तेव्हापासून हे असंच चाललं होतं. शिकलेली पोरं ठेवली तर नंबर लिहायची आणि नीट लिहून झाले की वापीला पळायची. बाई म्हणाल्या, एक बाई पाठवते. किती शिकलेली, तर तिसरी. नंबर वाचता येतात का, तर येतात, पण लागणार नाहीत. शेठ म्हणाले, मग आधी महिनाभर झाडूपोता करू दे बिनपगारी, कामाची सवय आहे का बघू, मग कपाटाचं बघू. इथे बाईंनी शेठचं मनगट धरलं. "कारागीर ठेवता तेव्हा त्याच्याकडून महिनाभर झाडून घेता?" "नाय. त्याचा हात बघतो." "मग हिचा डोळा बघा. पहिल्या दिवसापासून पगार द्या आणि दिवाळीपर्यंत बघा. नाही जमलं तर मीच तिला घेऊन जाईन." शेठनी मान्य केलं. बाई म्हणतात, नाडी बघितल्यामुळे केलं. मला वाटतं, जेवण निवत होतं म्हणून.

पहिले चार दिवस बाई रोज वहिनीबरोबर गेल्या आणि कपाटाशेजारी स्टूलावर बसल्या. मदत काडीची केली नाही. वहिनी एकेक खण उघडायची, एकेक ठोकळा हातात घ्यायची, अंगठा फिरवायची, परत ठेवायची. दिवसभर एवढंच. एक तरुण कारागीर दुसऱ्याला म्हणाला, "नवीन मशीन आणलीय शेठने. चालते, पण आवाज करत नाही." बाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "साडेतीन वर्षांचा होईस्तोवर तू तोंड उघडलं नव्हतंस. पोलिओचा डोस द्यायला आणायची तुझी आई आणि रडायची, बाई, मुका आहे का हा." त्या दिवसापासून कारखान्यात त्याचं नाव साडेतीन पडलं, आणि वहिनीची थट्टा संपली. पाचव्या दिवशी बाईंनी स्टूल माझ्या हातात दिलं. "आता एकदा तू जाऊन बस. तोंड उघडायचं नाही. बी.ए.ला बसायला शिकवत नाहीत, म्हणून सांगते."

मी रजा टाकून गेले आणि नेमका तो दिवस चुना मारायचा निघाला. दिवाळीआधी कारखान्याला चुना काढतात, त्या वेळी सगळ्या डाय खणांतून काढून रॉकेलमध्ये धुतात आणि उन्हात गोणपाटावर वाळवतात. जुने काका हे एकेक खण करून आठ दिवस पुरवायचे. शेठना वाटलं, एका दिवसात उरकू. त्यांनी स्वतः उभं राहून सगळे खण एका पिंपात उपडे केले. प्रत्येक डायला नंबराची कागदी चिठ्ठी डकवलेली होती. तासाभराने पिंपात रॉकेलवर चिठ्ठ्या तरंगत होत्या आणि अंगणात गोणपाटावर शेकडो ठोकळ्यांचा ढीग पडला होता, एकासारखा एक. सुरतच्या व्यापाऱ्याच्या हाराची पानं धनत्रयोदशीच्या आत पाठवायची होती, आणि त्याच्या डाय त्या ढिगात कुठेतरी. शेठ ओट्यावर बसले. "पतलं सगळं, संपलं," एवढंच म्हणाले. मी स्टूलावर बसून ओठ दाबून धरले होते. मला वाटलं, झालं, आता नव्या माणसाचा पायगुण म्हणतील, आणि परवा भट्टीचा मुकादम जोड्या ठरवायला पाड्यात येतोय.

वहिनी उठली. ढिगाभोवती एक चक्कर मारली. मग कमरेला पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसांत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "शेठ, तुमची सावली पडते. जरा पलीकडे बसा."

शेठ उठून पलीकडे बसले.

त्यानंतर मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. ती ठोकळा उचलायची, अंगठा फिरवायची आणि ठेवायची. थांबायची नाही. पानं इकडे, कोयऱ्या तिकडे, मण्यांच्या वेगळ्या. मग पानांतही वेगळ्या रांगा. साडेतीन हळूच जवळ येऊन बसला. "ही रांग वेगळी कशाला? नक्षी तर तीच आहे." वहिनी म्हणाली, "ही त्या म्हाताऱ्या कारागिरांच्या हातची. त्यांच्या पानाची शीर डावीकडे दबते. ही तुमच्या हातची, तुम्ही टोकाला घाई करता." साडेतीनने दोन्ही उन्हात धरून पाहिल्या आणि होत्या तिथेच परत ठेवल्या. म्हातारे कारागीर उठून जवळ आले. एकाने मुद्दाम एक डाय उचलून चुकीच्या रांगेत ठेवली. वहिनीने हात पुढे करून ती तिच्याकडे न बघता परत जागेवर नेली. संध्याकाळपर्यंत निम्मा ढीग खणांत गेला होता. दुसऱ्या दिवशी मला रजा नव्हती, पण मी गेलेच. दुपारी शेवटचा खण बंद झाला. सुरतवाल्याच्या हाराची सगळी पानं एका ताटलीत शेठच्या पुढ्यात होती.

गोणपाटावर दोनच ठोकळे उरले. शेठ म्हणाले, "या दोनची जागा नाय सापडली? चालेल बेन, एवढं चालेल." वहिनी म्हणाली, "सापडली. पण त्या दुसऱ्या घरच्या आहेत. इथल्या कुणाच्या हातच्या नाहीत." शेठनी दोन्ही हातात घेतल्या, आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या समोरच्या कारखान्यातल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी उसन्या आणल्या होत्या, परत करायच्या राहिल्या. समोरचे मागायला आले तेव्हा शेठनी आमच्याकडे नाहीतच म्हणून शपथ घेतली होती, आणि तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. वहिनीने दोन्ही डाय फडक्यात बांधल्या आणि शेठला विचारलं, "मी देऊन येऊ? ज्याचं त्याला पोचवायचं काम माझंच असतं." तिने रस्ता ओलांडला. थोड्या वेळाने समोरचे शेठ स्वतः चालत आले, ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं. मग दोघं शेठ बराच वेळ फक्त पावसाबद्दल बोलले. मी ताठ बसून होते, पण पदवीच्या दिवशीही माझा ऊर असा भरून आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुकादम आमच्या अंगणात येऊन बसला. दादाने त्याला चहा दिला आणि म्हणाला, "यंदा जमणार नाही. माझी अर्धी जोडी वरोरला कामाला लागली." मुकादम म्हणाला, "चार दिवसांची नोकरी, बंद पडली म्हणजे?" दादा म्हणाला, "बंद पडणार नाही. कपाटाची किल्ली तिच्याकडे आहे." दादाला पुढे जवळच्याच चिकूच्या वाडीत काम मिळालं, तेही बाईंनी तिथे दोन दिवस तांदूळ निवडल्यावर. धाकटा दिवसभर माझ्या आईपाशी राहायला शिकला. आणि दिवाळीची सुटी संपली त्या सकाळी सोनल वेणी घालून, दप्तर पाठीला लावून शाळेत गेली. त्या वर्षी ती वर्गात पहिली आली आणि पुढेही थांबली नाही.

मी केंद्रावर गेले आणि साहेबांना सगळं सांगितलं, माझी चूक धरून. साहेब माणूस वाईट नव्हते. म्हणाले, "झाडणं मी बंद करू शकत नाही, वरून आलंय. पण कट झालेल्या नावांचं काय करायचं ते वरून आलेलं नाही. ती यादी तुझी." त्या यादीतली मी पहिल्यांदा जिच्या अंगणात जाऊन बसले ती पिवळ्या साडीचीच बाई होती, तीही तिसऱ्या गैरहजेरीला कट झालेली. वर्षभराने साहेब स्वतः यादी चाळायला लागले, आणि मी तलासरीच्या नव्या केंद्रावर गेले तेव्हा तिथे झाडू फक्त झाडायला होता. लोकांच्या अंगणात बसायचे दिवस कामाच्या तक्त्यात लिहिलेले होते, आणि ते मी लिहिले होते. पहिल्या पगारापर्यंत सोबत जायचं, कुणाला बिनपगारी राबवायचं नाही, हेही लिहिलं होतं. सगळीच माणसं लागली असं नाही. काही परत भट्टीवर गेली. पण कुणालाही मी पुन्हा तोंडाने विचारल्याशिवाय गैरहजर लिहिलं नाही.

फक्त एक झालं. वहिनीची नोकरी पक्की झाली आणि नर्सबाई आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. आई दोनदा निरोप पाठवून थकली. वहिनीने पहिल्या पगारातून त्यांच्यासाठी साडी आणली होती, ती ट्रंकेत पडून राहिली. २०१९च्या उन्हाळ्यात तलासरीच्या बाजूला एका पाड्यात मी कामासाठी गेले तर बाई तिथल्या अंगणात बसलेल्या दिसल्या, आधीच पोचलेल्या. केस सगळे पांढरे झाले होते. म्हटलं, "बाई, वहिनी फार आठवण काढते. एकदा घरी या ना."

"का? काही बिघडलंय?"

"नाही. सगळं छान आहे. नुसत्या चहाला या."

बाई हसल्या. "बाळंतीण सुखरूप झाली की नर्सने लगेच पिशवी उचलायची असते. रेंगाळली, की घरच्यांना वाटतं, हिला काहीतरी दिसलंय आणि सांगत नाही."

मग त्या समोरच्या बाईशी बोलायला लागल्या, आणि मी निघाले. आमच्या घरात आता काही बिघडलेलं नाही. रविवारी सगळे घरी असतो, वहिनी चारचौघांत बोलते, कधीकधी जास्तच बोलते, दादा हसतो, सोनल अभ्यास करते. तिसऱ्या प्रहरी अंगणात जरा शांत होतं तेव्हा आई आवाज न करता एक कप जास्तीचा चहा टाकते, आणि तो आम्ही कुणीतरी पिऊन टाकतो.